बर्फातून चिखलात

लातूरची मुलगी बर्फावर कशी काय गेली, असं मला सत्काराच्या कार्यक्रमांत अजूनही विचारतात. विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर वाटावं, म्हैस झाडावर चढल्याची बातमी त्याला कुणी दिली आहे. पूर्वी मी नीट उत्तर द्यायचे. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, समोरच्याची मर्जी सांभाळायची हौस कधीच फिटली. मी सांगते, रसायनशास्त्रापासून पळत सुटले होते, पळता पळता बर्फ लागला. लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनोद केला.

आमच्या घरात पहाट मूलद्रव्यांनी व्हायची. माझे वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, नातेवाईक सर म्हणायचे, आणि आम्ही घरातली माणसंही सरच म्हणायचो. कॉलेज भरायच्या आधी आणि सुटल्यानंतर ते शिकवण्या घेत, आणि त्या शिकवण्यांनी आमचं घर हळूहळू खाऊन टाकलं. आधी ओसरी गेली, मग बैठक, मग देवघराशेजारची खोली. शेवटी आई, मी आणि देव असे तिघं स्वयंपाकघरात येऊन राहिलो. बाहेर सायकली एकमेकींवर पडत, दारात चपलांचा ढीग लागे, आणि पोरं एका सुरात 'हायड्रोजन, हेलियम, लिथियम' म्हणत बसत. त्यातच आईचा भाकरी थापण्याचा आवाज. त्या आवाजाने पोरांचं लक्ष उडतं म्हणून सरांनी तिला हळू थापायला सांगितलं. ज्वारीची भाकरी हळू कशी थापतात हे त्यांनी सांगितलं नाही, ते त्यांच्या विषयात बसत नव्हतं. आईने तक्रार न करता चूल परसात नेली. आम्ही दोघी तिथेच पाटावर बसून येसर आमटीत भाकरी कुस्करून खायचो, आणि भिंतीपलीकडे सर आम्लं आणि अल्कली समजावून सांगत असायचे.

तेव्हा सगळं शहरच टक्क्यांच्या नादी लागलं होतं. कुठकुठल्या जिल्ह्यांतून पोरं येऊन खोल्या करून राहायची, गल्लीगल्लीत खानावळी निघाल्या, आणि ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त होत्या तो एकीत भाडेकरू आणि दुसरीत फळा लावायचा. हळदीकुंकवाला गेलं तरी बायका वाण हातात देता देता मार्क विचारत. मयतीला आलेली माणसं उठताना हळूच म्हणत, धाकट्याला किती पडले? अशा शहरात, अशा सरांच्या घरात, मी बारावीला रसायनशास्त्रात नापास झाले. सरांनी मला मारलं नाही की ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरांना सांगितलं की ती आमच्या नात्यातली एक मुलगी आहे, शिकायला आमच्याकडे राहते. मी परसात भांडी घासत होते. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

पुढे तो विषय कसाबसा सोडवून मी आर्ट्सला गेले. आमच्या शहरात त्या काळी आर्ट्सला जाणं म्हणजे घरच्यांनी आशा सोडल्याचं जाहीर करणं होतं. कॉलेजात परेड करणाऱ्या मुलींची एक तुकडी होती, तीत मी शिरले ती केवळ पहाटे घराबाहेर पडता येतं म्हणून. तिथून हिमालयातल्या एका शिबिरासाठी निवड झाली. शिबिराच्या प्रमाणपत्राचे पुढे कुठेतरी जादा गुण मिळतात, असं कुणीतरी सरांना सांगितलं, म्हणून त्यांनी परवानगी दिली. आईने धपाटे बांधून दिले आणि तिथे पांघरूण मिळतं का, एवढंच विचारलं.

बर्फाबद्दल कवी लोक जे लिहितात त्यातलं मला काही दिसलं नाही. बर्फ ओला होता, बूट दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे होते आणि पायांना बांधलेल्या त्या लांब पट्ट्या माझं काही ऐकत नव्हत्या. पहिले काही दिवस मी नुसती पडले. मग एका उतारावर काय झालं कोण जाणे, पडायची भीती वाटेनाशी झाली. मी थांबायचा प्रयत्न सोडला, अंगाचा भार घसरणीच्या हवाली केला, आणि जिथे जायचंय तिकडे फक्त बघत राहिले. पट्ट्या आपोआप तिकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट न घोकता आली होती. पुढचे दोन हिवाळे मी राज्याच्या संघातून स्कीइंगच्या स्पर्धांत उतरले आणि दुसऱ्या हिवाळ्यात वळणांच्या शर्यतीत तिसरी आले. संघाला जे गरम जॅकेट मिळायचं ते आमचे व्यवस्थापक साहेब घालत, कारण खाली उभं राहून त्यांना फार थंडी वाजे. आम्ही वर पळत असल्यामुळे आम्हाला उकडतं, असं त्यांचं मत होतं.

पदक घेऊन मी घरी आले तेव्हा सरांनी मला पुन्हा मुलगी करून घेतलं. क्लासच्या नव्या फलकावर माझा फोटो लागला. खाली रंगाऱ्याने लिहिलं होतं, 'बर्फावरील घसरगुंडी स्पर्धेत देशात तृतीय'. मी म्हटलं, हे काढा. सर म्हणाले, लोकांना 'देशात तृतीय' तेवढं दिसतं. त्यांचं बरोबरच होतं. ते लोकांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखत.

मग भूकंप झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी तो लातुरात पलंगावरून अनुभवला त्यांनीच ते इतकं केलंय की ज्यांची घरं पडली त्यांना बोलायला जागा उरली नाही. आमच्या भिंतीला एक भेग गेली आणि मडक्यांची उतरंड कोसळली, एवढंच आमचं नुकसान. पहाटेची बॅच नुकतीच जमायला लागली होती. पोरं रस्त्यावर पळाली. सरांनी त्यांना अंगणात गोळा केलं, हजेरी घेतली, आणि सगळे आहेत म्हटल्यावर तिथेच उभ्याने पुढचा भाग शिकवायला घेतला. उजाडल्यावर बातमी आली की तेरणेच्या काठची गावंच्या गावं बसली. त्यातल्या एका गावात आईची थोरली बहीण दिली होती, कौशी मावशी.

दुपारपर्यंत नांदेडहून किशनमामा आला. मामाच्या जीपगाड्या नांदेडहून हिमायतनगर आणि माहूरकडे भाविकांना घेऊन धावायच्या. सुट्टीत मी त्याच्याकडे जायचे तेव्हा गोदावरीच्या काठच्या मोकळ्या जागेत त्याने मला जीप शिकवली होती. त्याला मूलबाळ नव्हतं आणि मामी काही शिकायला तयार नव्हती. तो दोन जीप घेऊन आला होता. दुसऱ्या जीपच्या ड्रायव्हरचं गाव त्याच पट्ट्यात निघालं, तो आमच्या दारात जीप टाकून मिळेल त्या ट्रकने पुढे पळाला. मामा मला म्हणाला, "नंदे, चालवतीस का? नाहीतर इथं राहून काय करून राहिलीस?" सर वर्गात होते. मी विचारलं नाही.

पाऊस सुरू झाला होता. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पावसात पाहिली नाही त्यांना काय सांगू? ती साबणासारखी होते. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर सगळ्यांच्या गाड्या आडव्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक ड्रायव्हर ब्रेकवर उभा होता. माझीही जीप मागून सरकायला लागली. मी ब्रेक दाबला नाही. हात ढिले सोडले, घसरणीकडे चाक थोडं वळवलं आणि पलीकडच्या बाभळीकडे बघत राहिले. जीप सरळ झाली. तेव्हा आनंद व्हावा असा प्रसंग नव्हता, मावशी जिवंत आहे की नाही ते ठाऊक नव्हतं, आणि तरी मला जे वाटलं तो आनंदच होता. ते मी लपवणार नाही. बर्फ आणि काळी माती एकाच जातीच्या आहेत हे मला त्या रस्त्यावर कळलं.

मावशी सापडली. लिंबाखाली बसली होती, अंगभर माती, शेजारी कुणीतरी दिलेला पाण्याचा तांब्या. काका गेले होते. त्यांना जाळून झालं होतं. ती रडली नाही, जीपमध्ये बसली, आणि लातूरला आमच्या दारात जीप उभी राहिल्यावर उतरेना. घराच्या छताकडे बघून तिने मान हलवली. आईने हातापाया पडून पाहिलं. शेवटी मावशी जीपमध्येच झोपली, म्हणजे आडवी झाली. झोपलेली ती कुणी पाहिली नाही.

त्यानंतर पावसाळा सरून थंडी पडेपर्यंत मी ती जीप चालवली. मामाने ती माझ्याकडेच ठेवली होती. सकाळी भाकरी, पिठलं, कांदे भरायचे, तिकडे न्यायचे, येताना दवाखान्यात जाणारी माणसं आणायची. मावशी पहिल्या दिवसापासून शेजारच्या सीटवर असायची. मी समजत होते, आपल्या माणसांना मदत करायला येते. रस्त्यात आम्हाला भूकंप बघायला निघालेली बिऱ्हाडं भेटत. हो, बघायला. कुठकुठल्या शहरांतून मोटारी करून येत, सोबत पुरी-भाजीचे डबे, गळ्यात कॅमेरे, आणि आम्हालाच अडवून विचारत की जास्त पडलेलं गाव कोणतं. एकाने मावशीला विचारलं. ती म्हणाली, "समदीच चांगली पडल्यात. कुठं बी जा." मदतीच्या ट्रकांतून कपडे येत. कोट, टाय, झालरीचे फ्रॉक, उंच टाचांचे एकेकच बूट. माणसांनी आपापली कपाटं साफ केली होती आणि त्याला दान असं नाव दिलं होतं. मावशीच्या गावातल्या बायकांनी टायचे दोर करून बकऱ्या बांधल्या.

सरांचं म्हणाल तर त्यांची भरभराट झाली. लोक छताला घाबरू लागले होते. सरांनी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची लांबच लांब शेड उभी केली आणि फलकावर माझ्या फोटोखाली नवी ओळ आली, 'वर्ग पूर्णपणे पत्र्याचे, भूकंपाची भीती नाही'. झुंबड उडाली. आज त्या शहरात काचेच्या इमारतींवर पोरांचे फोटो लागतात, मी कधी गेले की मान वर करून बघते. आमच्या शेडपासून तिथवर सगळा एकच रस्ता आहे. पोरं तशीच बसतात, फक्त आता त्यांना गार हवा मिळते.

त्याच दिवसांत बर्फाच्या शिबिराची तार आली. मी एसटीडी बूथवरून व्यवस्थापक साहेबांना फोन केला आणि सांगितलं की इकडचं काम टाकून लगेच निघता येणार नाही, पंधरा दिवस उशिरा येते. ते म्हणाले, "भूकंप तुमच्या घरात झालाय का?" मी म्हटलं, घर उभं आहे. ते म्हणाले, मग अडचण काय? बूथबाहेर रांग लागली होती, काचेवर कुणी टकटक करत होतं. त्या हिवाळ्यात माझ्या जागी कुणा नगरसेवकाची पुतणी गेली. ती एकदा सहलीला जाऊन बर्फाचे गोळे फेकून आली होती, हा तिचा अनुभव. माझं स्कीइंग असं संपलं. गुडघा मोडून किंवा हरून संपलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. ते एका उर्मट माणसाने फोन ठेवल्यावर संपलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मामाचा निरोप आला. कुठल्याशा मोठ्या शहरातला मोटारवाल्यांचा क्लब नांदेडला शर्यत भरवत होता, भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, आणि पुढे माहूरच्या डोंगराकडचे कच्चे रस्ते. ज्यांची घरं पडली त्यांना मोटारींच्या धुरळ्याने काय मदत होणार होती हे मला आजही समजलेलं नाही, पण मामाला आपल्या जीपची जाहिरात करायची होती, आणि मला त्या रस्त्यांचा चिखल दिसत होता. मी मावशीला घेऊन नांदेडला गेले. ती अजूनही छताखाली झोपत नव्हती.

आयोजकांनी बायकांसाठी वेगळी सोय केली होती. मैदानाला दोन फेऱ्या, गाडीला फुलांच्या माळा, आणि जी पुरी करील तिला लेडीज कप. मी म्हटलं, मला पूर्ण रस्ता पळायचाय. टोपी घातलेल्या त्या गृहस्थांनी फार प्रेमाने समजावलं की रस्ता अवघड आहे, चिखल आहे, आणि एखादी बाई पुढे गेली तर मागच्या पुरुषांना मोकळेपणाने चालवता येत नाही. मी म्हटलं, मग त्यांनी पुढे राहावं. ते हसले आणि सोडून दिलं. एका अटीवर: नियमाप्रमाणे शेजारच्या सीटवर दुसरा माणूस पाहिजे. मामा बसणार होता.

आणि मग सकाळी सर आले. लातूरहून पहिल्या एसटीने, इस्त्रीच्या शर्टात. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. ते माझ्याशी बोललेच नाहीत. मामाला बाजूला घेऊन म्हणाले की शहरात त्यांच्या क्लासचं नाव आहे, मुलींचे पालक त्यांच्यावर विश्वास टाकतात, उद्या पेपरात पोरगी ट्रकवाल्यांसारखी चिखलात दिसली तर कोण मुलगी पाठवील? मामा बहिणीचा विचार करणारा माणूस. तो माझ्यापाशी आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नंदे, दाजींच्या म्होरं मला न्हाई म्हणवत नाही." आणि हेल्मेट बोनेटवर ठेवून तो टपरीकडे निघून गेला.

माझ्या गाडीचा नंबर जवळ येत होता. मी खरंच उतरणार होते. मी हरले असं मला वाटलं ते तिथे. त्या फोनच्या वेळीसुद्धा वाटलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं. मावशीने पदर खोचला, बोनेटवरचं हेल्मेट उचललं, अंबाड्यावर बसेना म्हणून अंबाडा सोडला आणि हेल्मेट घालून सीटवर बसली. सर पुढे झाले. म्हणाले, अक्का, हा काय तमाशा आहे, तुम्ही विधवा बाई, उतरा. इतक्या महिन्यांत मावशी सरांशी एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "सर, तुमी पत्र्याखाली शिकवा. आमी हितं बरं हाव."

सर मागे सरले. खरं सांगायचं तर ते पुढे कधी माझ्या वाटेत आलेच नाहीत.

शर्यतीचं काय सांगायचं? भोकरपर्यंत लोकांच्या नव्या गाड्या माझ्या पुढे होत्या. हिमायतनगरच्या पुढे चिखल लागला आणि त्या एकेक करून शेतात उतरल्या. माणसं दारं उघडून चिखलात उभी होती आणि टायरांना शिव्या देत होती. मी तिसऱ्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, जीपला तिच्या मनासारखं घसरू देत पुढे निघाले. मावशीने समोरची दांडी धरली होती. नकाशा मांडीवर उलटा होता, तिला वाचता येत नव्हतं, आणि ती वाट वगैरे काही सांगत नव्हती. वळण आलं की ती नुसती त्या बाजूला कलायची. एका ओढ्यात आम्ही सगळ्या अंगाने भिजलो आणि मला शेजारून एक आवाज आला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

नांदेडच्या मैदानात परतलो तेव्हा आम्ही दुसऱ्या आलो. मला लेडीज कप दिला. दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस आमच्या मागून आलेल्या एका डॉक्टरसाहेबांना दिलं, कारण एका माणसाला दोन बक्षिसं देता येत नाहीत, असं टोपीवाले म्हणाले. मी म्हटलं, मग कप परत घ्या. ते म्हणाले, फोटो निघून गेलाय. मी कप व्यासपीठाच्या पायरीवर ठेवला आणि खाली आले. तेव्हापासून कित्येक वर्षं मी मोटारी पळवल्या, खरी बक्षिसंही मिळाली, त्या टोपीवाल्यांसारखे गृहस्थ मात्र प्रत्येक शहरात तेवढेच भेटले. बर्फवाल्या साहेबांनी दुसऱ्या वर्षी निरोप पाठवला की संघात जागा आहे. मी उत्तर धाडलं नाही.

ऊन उतरत होतं. मामाच्या घरासमोर मी जीप उभी केली. मामी ओवाळायला ताट घेऊन दारात आली होती. मी इंजिन बंद केलं, तशी मावशीने दांडी पुन्हा घट्ट धरली.

"चालू कर," ती म्हणाली.

मी म्हटलं, घर आलं मावशी, उतर, चहा घे.

"चालू कर गं. उभी ऱ्हायली की खालची जमीन हालती. चालू असली की कळत न्हाई."

इतके दिवस ती माझ्यासोबत का येत होती, ते मला तेव्हा समजलं. भाकऱ्या वाटायला नाही, आपल्या गावच्या माणसांसाठीही नाही. वर्षभर त्या बाईच्या पायाखालची जमीन थांबलीच नव्हती, आणि आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ घरात ये, छताखाली ये म्हणून छळत होतो. मी मामीला हाताने खुणावलं आणि जीप सुरू केली. गोदावरीच्या जुन्या पुलावरून पलीकडे नेली, मग परत, मग घाटाच्या कडेने. कुठेच जायचं नव्हतं. मावशीची मान आधी सीटवर टेकली, मग माझ्या खांद्यावर आली, हेल्मेटसकट. तोंड उघडं, घोरत होती. माझा खांदा भरून आला. मी गिअर बदलायचा टाळला आणि हळूहळू चालवत राहिले.